आमच्या ह्यांची उंची

"हा कालचा नाही," मी म्हटलं.

"काय?"

"हेल्मेटवरचा ओरखडा. काल तीन होते, आज चार आहेत."

हे मोरीत पाय धूत होते. पहिल्या पाळीहून आल्यावर आधी पाय, मग हात, मग तोंड, असा ह्यांचा क्रम. तिसऱ्या साबणापर्यंत फेस काळाच असायचा.

"तू माह्या हेल्मेटवरचे ओरखडे मोजतेस?"

"पोरीचे दात मोजते, तसे तुमचे ओरखडेही मोजते. वेळ जातो."

"पाहिलं, आस्था? शिकलेली बायको केली की असं होते." हे लेकीला म्हणाले. आस्था चार वर्षांची. उंबरठ्यावर बसून ती पाण्यात बिस्किट बुडवत होती. तिने गंभीरपणे मान हलवली आणि बिस्किट तुटून पाण्यात पडलं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. आम्ही तेव्हा वडजापूर खाणीच्या कॉलनीत राहत होतो, दोन खोल्यांच्या क्वार्टरात. मी भूगर्भशास्त्राची पदवीधर. भूगर्भ शिकलेल्या मुलीला खाणीत उतरायला त्या काळी कायद्याने बंदी होती. खाणीत उतरणाऱ्याशी लग्न करायला मात्र नव्हती. तेवढी सोय सरकारने ठेवली होती, तिचा मी लाभ घेतला.

आमचे हे, दिवाकर पिंपळशेंडे, सर्वे खात्यात चेनमन. म्हणजे मोजमापाच्या फिती, पट्ट्या आणि साहेबांची छत्री वाहणारा माणूस, असं मी चिडले की म्हणायची. खरं तर ह्यांचं माप चोख असे. पोळीचा व्याससुद्धा हे नजरेने सांगत आणि वर "आज अर्धा सेंटिमीटर कमी पडला" असंही म्हणत.

पाळी सुटल्याचा भोंगा तीनला व्हायचा. भोंग्यानंतर बावीस मिनिटांनी ह्यांची सायकल दाराशी वाजायची. तेविसावं मिनिट लागलं की मी देवाला एक नारळ बोलायची, पंचविसावं लागलं की दोन. कॉलनीतल्या मारुतीचे माझ्याकडे तेव्हा चौतीस नारळ थकले होते. ही मिनिटं मी ज्या घड्याळात मोजायची, ते भिंतीवरचं गोल घड्याळ कंपनीनेच दिलेलं होतं. त्याच्या तबकडीवर लाल अक्षरांत 'उत्कृष्ट सुझाव' असं लिहिलेलं होतं आणि त्या अक्षरांमुळे नऊ, दहा आणि अकरा हे आकडे दिसत नसत. तेवढ्या वेळात काही झालं तर ते कंपनीच्या जबाबदारीवर.

त्या घड्याळाची हकिकत सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

खाणीतला नऊ नंबरचा रस्ता साडेतीनशे मीटर खोल. एवढ्या खोलीवर छप्पर खाली येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. जमीन वर येते, हे बाहेरच्याला सांगितलं तर तो हसतो. पण कणकेचा गोळा दोन्ही बाजूंनी दाबला की मधून फुगतो ना, तसंच असतं ते. दोन्हीकडे कोळशाचे खांब, त्यांच्यावर डोंगराएवढं ओझं. खांब खाली दबतात आणि मधली जमीन फुगते. त्यात नऊ नंबरखालचा थर मातकट. पाणी मुरलं की आणखी तरारतो. दर दोन महिन्यांनी फुगलेली जमीन खोदून काढायची, रूळ पुन्हा बसवायचे, पुन्हा खोदायचं, असं चाललं होतं.

मग खाणीचे नवे मॅनेजर म्हणून वैरागडे साहेब आले. त्यांनी वळणावरच्या सव्वाशे मीटर जमिनीत उलट्या कमानीसारखं काँक्रीट ओतलं, ते लोखंडी सळयांनी खाली जखडलं आणि जाहीर केलं की जमीन आता हलणार नाही. जमिनीला हे कुणी कळवलं की नाही, ते कागदावर नव्हतं.

हलते की नाही हे दर महिन्याला मोजायचं काम ह्यांचं. आधी छताला ठोकलेल्या खिळ्यांवरून खाली फीत सोडून मोजत. त्याला शिडी लागे, वरून पाणी गळे, पाळी अख्खी जाई. ह्यांनी सुझाव पेटीत चिठ्ठी टाकली: नव्या काँक्रीटमध्येच पितळी बटणं बसवावीत, पहिल्या बटणाला मूळ खूण धरावं आणि बाकीची बटणं त्याच्यापेक्षा किती वर-खाली आहेत ते दुर्बिणीतून पाहावं. काम दोन तासांत. साहेब खूश. ह्यांना घड्याळ. ह्यांच्या आईने गावाहून फोन करून विचारलं, "सेल कंपनी भरते का?"

तर, चौथा ओरखडा उमटला त्याच आठवड्यात खुद्द वैरागडे साहेब आमच्या दाराशी जीपमधून उतरले. काखेत फाईल. मी पदराला हात पुसत बाहेर आले तोवर ते खुर्चीत बसून घड्याळाकडे कौतुकाने बघत होते.

"वहिनी, सुरक्षा पंधरवड्याचा समारोप शनिवारी आहे. तपासणी समिती येणार. आपल्या नऊ नंबरची यशोगाथा मराठीत वाचून दाखवायची आहे, आणि ती तुम्हीच लिहायची, तुम्हीच वाचायची. घोषवाक्य तुमचंच पहिलं आलं होतं ना गेल्या वर्षी?"

"हो. 'घरी वाट पाहते कोणी, सांभाळ पाऊल क्षणोक्षणी.'"

"वा! काय ते मराठी! आणि शेवटी एक वाक्य घाला, की सोमवारपासून आपण नऊ नंबरच्या पुढचं नवं पॅनल, कोळशाचा नवा पट्टा, उघडतोय. एका पाळीत साठ माणसं. दिवाकर पहिल्याच पाळीत. प्रमोशनही होईल त्याचं."

"त्या साठ माणसांना यायला-जायला रस्ता कुठला?"

"नऊ नंबरच की. आता तो सिमेंटचा राजमार्ग आहे, वहिनी."

"साहेब, एक विचारू? ह्यांच्या हेल्मेटला वरून ओरखडे पडतात. आधी पडत नसत."

साहेब हसले. अज्ञानी माणसाने चांगला प्रश्न विचारला की हसतात, तसं. "हेल्मेटची नवी खेप आली आहे. आधीच्यापेक्षा इंचभर उंच निघाली. खरेदी खात्याला पत्र लिहिलंय."

ह्यांचं हेल्मेट तीन वर्षांचं जुनं होतं, आत मागच्या बाजूला माझ्याच हाताने ह्यांचं नाव रंगवलेलं. पण साहेबांनी पत्र लिहिलं होतं म्हटल्यावर मी काय बोलणार?

फाईलमध्ये सहा महिन्यांच्या मोजण्या होत्या. एकवीस बटणं, सहा महिने, ह्यांच्या टपोऱ्या अक्षरात. जानेवारी: शून्य मिलिमीटर. फेब्रुवारी: शून्य. मार्च: शून्य. एका ठिकाणी एक मिलिमीटर होता, त्यावर कुणीतरी लाल शाईने 'वाचनातील चूक' असं लिहिलं होतं. इतकी आज्ञाधारक जमीन मी पाठ्यपुस्तकातही पाहिली नव्हती.

संध्याकाळी मी ह्यांना दाराच्या चौकटीशी उभं केलं. त्या चौकटीवर आस्थाच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा होत्या, दर तीन महिन्यांनी एक. गेल्या वर्षी गंमत म्हणून ह्यांचीही ओढली होती.

"टाचा टेका."

"टेकल्यात ना बाप्पा. काय करून रायली तू?"

रेघ होती तिथेच आली. एक मीटर पंच्याहत्तर.

"जमीन वर आलेली नाही," मी म्हटलं, "छप्पर खाली आलेलं नाही, नाहीतर तुम्ही ओरडला असता. हेल्मेट जुनंच आहे. तुम्हीही वाढला नाहीत. मग डोकं लागतं कशाला?"

"छताच्या गर्डरला लागते. वळणावर वाकून जावं लागते आता. सवय होते."

"आधी वाकावं लागत नव्हतं?"

ह्यांनी हेल्मेट खिळ्याला अडकवलं. मग म्हणाले, "खाणीत कोन ताठ चालते, विशाखा? भाजी कोणती केली?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी राजय्यामामांकडे गेले. ते आमच्या लाईनीतच, शेवटच्या क्वार्टरात लेकाकडे राहत. चाळीस वर्षं खाणीत लाकडाचे टेकू लावून निवृत्त झालेले, मूळचे प्राणहिता नदीपलीकडचे तेलुगू. मला ते 'अम्मा' म्हणत आणि माझ्या काळजीखोर स्वभावाचा आदर करणारे कॉलनीतले ते एकमेव गृहस्थ होते.

"छप्पर बोलते, अम्मा," ते म्हणाले. "कडकड करते, माती सोडते, लाकूड चिरते. पळायला टाइम देते. जमीन मुकी हाय. वरून येते त्याला समदे बघते. खालून येते त्याला कोण बघते?"

"पण मामा, मोजमापात शून्य आहे."

"मोजला कोण?"

"ह्यांनीच."

"मग बरोबरच मोजला असंल. दिवाकर चुकीचा माप लिवत नाही." मामांनी तंबाखू मळली. "पण त्या रस्त्याला पाणी किती, ठाव हाय? नाली फुटली की पाणी काँक्रीटखाली जाते. वर सुका, खाली लापशी. आणि पुढं पॅनल उघडला की खांबावर अजून वजन येनार. रस्ता मिटला तर हवा कमी, आणि मानूस आतल्या आत."

"दुसरा रस्ता?"

"दुसरा रस्ता बी तिथूनच फुटते, अम्मा."

मी घरी आले आणि यशोगाथा लिहायला बसले. 'अथक परिश्रमांनी' एवढं लिहून झालं. पुढे काही सुचेना. तेवढ्यात आतल्या खोलीत धप्पकन आवाज झाला आणि आस्थाने भोकाड पसरलं.

ती पलंगावर उभी होती, डोक्यावर हात धरून. पलंगाच्या वर, भिंतीतल्या दोन खिळ्यांना बांधलेला मच्छरदाणीचा बांबू होता. तो तिला लागला होता. तिच्या दुसऱ्या हातात ह्यांची जुनी लाकडी पट्टी होती.

"दांडा मारला मले!" ती हुंदके देत म्हणाली. "मी मोठी झाली!"

"बघू." मी तिला जवळ घेतलं, टेंगूळ चोळलं. गेल्या शनिवारपर्यंत ती याच पलंगावर, याच बांबूखाली तासन्‌तास उड्या मारत होती. मग पट्टी तिच्याशेजारी पलंगावर टेकवली. चौऱ्याण्णव सेंटिमीटर. चौकटीवरच्या रेघेइतकीच. एक केसही जास्त नाही.

"नाही वाढलीस, बाळा."

"मंग दांडा कसा लागला?"

मी खाली वाकून पाहिलं. पलंगाच्या चारही पायांखाली विटा होत्या. रविवारी ह्यांनीच लावल्या होत्या, खाली पत्र्याची पेटी सरकवायला.

मी तशीच जमिनीवर बसून राहिले. पट्टी पलंगावर, पोरगी पलंगावर. दोघीही विटांइतक्या वर गेलेल्या. पट्टीला विचारलं तर ती काय सांगणार? शून्य मिलिमीटर. खरं काय ते फक्त बांबूला ठाऊक होतं, आणि पोरीच्या टेंगळाला.

तीनचा भोंगा झाला. त्या दिवशी मी मिनिटं मोजली नाहीत. चार पितळी पेले घेऊन पलंगाच्या चार कोपऱ्यांवर मांडले आणि वाट बघत बसले.

"हे काय, पूजा मांडली?" हे दारातूनच म्हणाले.

"ही तुमची बटणं. हा पेला मूळ खूण. बाकीचे तीन त्याच्यापेक्षा किती वर आहेत, सांगा."

"विशाखा, भूक लागली हाये."

"सांगा तर."

"सारखेच हाये."

"आता आस्था, पलंगावर चढ. हळू." तिने बांबूला घाबरत मान तिरकी केली. "रविवारच्या आधी ही इथे ताठ उभी राहायची. आता वाकते. पेले मात्र सारखेच. सगळा पलंगच उचललाय तुम्ही, पेल्यांना काय कळणार?"

ह्यांच्या चेहऱ्यावरचा कोळसा अजून धुतला नव्हता, त्यामुळे रंग उतरला की नाही ते मला दिसलं नाही. पण हे बराच वेळ पेल्यांकडे बघत राहिले. मग बांबूकडे. मग विटांकडे. आणि मग, पुरुषाने अशा वेळी जे करायचं असतं, ते केलं. चिडले.

"तुले काय समजते खाणीतलं? कॉलेजात दगडाच्या पेट्या पाहिल्या, झालं? सव्वाशे मीटर काँक्रीट हाये ते, पलंग नाही!"

"पलंगच आहे. थोडा लांब आहे."

"साहेबांनी पास केलं. वरच्यांनी सह्या केल्या."

"सह्यांनी जमीन खाली दबते का?"

"तुह्या जिभेले हाड नाही." हे खाली बसले, भिंतीला टेकून. वर घड्याळ टिकटिकत होतं. त्याकडे बघत हळूच म्हणाले, "सुझाव माह्या होता, विशाखा. कॉलनीभर पेढे वाटले होते."

तेव्हा मला कळलं की ओरखडे आणि विटा हा सोपा भाग होता.

"सोमवारी साठ माणसं आत जातील," मी म्हटलं. "एकसष्टावी मी असते, बाहेर, मिनिटं मोजत. साहेबांना सांगा ना."

"काय सांगू? की मी बेअक्कल हाये? समारोप शनिवारी, समिती शनिवारी, आणि मी शुक्रवारी जाऊन सांगू की सहा महिन्यांचं माप खोटं?"

"खोटं नाही. माप खरंच आहे. फक्त त्याचा उपयोग नाही."

हे कसनुसं हसले. आस्थाने विचारलं, "बाबा, पेल्यात काय हाये?" "काही नाही," हे म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

शुक्रवारी भोंगा झाला. बावीस मिनिटं झाली. पंचवीस. तीस. मी नारळ सोडून मारुतीला गदा बोलले. एक्केचाळिसाव्या मिनिटाला सायकल वाजली. हे आत आले, एक लाकडी पट्टी दारामागे उभी केली आणि मोरीत गेले. पट्टी वरून ताजी कापलेली होती. टोकाशी भुसा अजून चिकटलेला.

मी फीत काढली. यशोगाथेच्या फाईलमध्ये पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं: काँक्रीट ओतल्यावर वळणावर गर्डरखालची उंची दोन मीटर. पट्टी एक मीटर एकोणऐंशी सेंटिमीटर होती. म्हणजे जमीन एकवीस सेंटिमीटर वर आली होती, सव्वा आठ इंच, सहा महिन्यांत, शून्य-शून्य करत. आमचे हे अधिक हेल्मेट बरोबर एक मीटर ऐंशी भरत. ओरखड्यांचाही हिशोब लागला.

मी फीत जागच्या जागी ठेवली. ह्यांनी काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. रात्री वरण खारट झालं होतं. ह्यांनी त्यात पाणी घालून खाल्लं.

शनिवारी सकाळी कॉलनीच्या मैदानावर मांडव होता. आधी गृहिणींचा मेळावा झाला. साहेबांच्या मिसेसनी आम्हां बायकांना उभं करून शपथ दिली: मी माझ्या पतीशी कामावर जाताना भांडणार नाही, त्यांना हसतमुखाने निरोप देईन, वेळेवर डबा देईन. खाणीतल्या अपघातांचं मूळ स्वयंपाकघरात असतं, असा त्या पंधरवड्याचा एकंदर निष्कर्ष दिसत होता. मीही हात पुढे करून शपथ घेतली. कालचं वरण आठवून जरा अपराधीही वाटलं.

मग माझं नाव पुकारलं. समोर पहिल्या रांगेत समितीचे तिघे, त्यातले मधले वयस्कर, किडकिडीत, सारखं काहीतरी टिपून घेणारे. मागे कामगार, पाळीपाळीने बसलेले. सर्वे खात्याच्या रांगेत आमचे हे होते, खाली मान घालून. आस्था राजय्यामामांच्या मांडीवर. माझ्या पिशवीत कागद होते आणि कागदांखाली ह्यांचं हेल्मेट.

मी साहेबांना हवी होती ती यशोगाथा वाचली. अथक परिश्रम वाचले, दूरदृष्टी वाचली, शून्य मिलिमीटर सहा वेळा वाचलं. टाळ्या झाल्या. मग कागद उलटला. माइकवर तो खडखडला.

"या प्रकल्पाचा आणखी एक लाभ अहवालात नोंदवायचा राहिला आहे," मी वाचलं. "जमीन हललेली नाही आणि छप्परही हललेलं नाही. तरीही नऊ नंबरच्या वळणावर माझ्या पतीचं डोकं गर्डरला लागू लागलं आहे. याचा अर्थ ते वयाच्या एकतिसाव्या वर्षी एकवीस सेंटिमीटरने उंच झाले आहेत. कामगारांची उंची वाढवणारी ही देशातली बहुधा पहिली खाण असावी. याबद्दल कंपनीचे अभिनंदन. उंच झालेले इतर बांधव उपस्थित असतील तर त्यांनी आपली हेल्मेटं दाखवावीत."

आणि मी पिशवीतून हेल्मेट काढून वर धरलं.

मांडव हसला. अक्षरशः फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, "पिंपळशेंडे, बायकोनं वाढवलं रे तुले!" साहेबही हसले, टाळी वाजवून उठले आणि माइक माझ्या हातातून हलकेच काढून घेतला. "वहिनींचा विनोद! आमच्याकडे गृहिणींमध्येही अशी प्रतिभा आहे. मी त्यांना सांगितलंच होतं, हेल्मेटची नवी खेप..."

मी तिथेच हेल्मेट धरून उभी. हसण्यावारी जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माझं सगळं शहाणपण सव्वा मिनिटात संपलं होतं आणि सोमवार होता तिथेच होता.

तेव्हा सर्वेच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आमचे हे उठले. खुर्चीखालून ती कापलेली पट्टी काढली. मला ती सकाळी दारामागे दिसली नव्हती, पण निघायच्या गडबडीत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी, जी ओरखडे मोजते.

"साहेब," हे म्हणाले. माइक नव्हता, तरी ऐकू गेलं. "हेल्मेटचं काही नाही. काल मी सतरा नंबरच्या गर्डरखाली ही पट्टी कापली. दोन मीटरची व्हती. आता एवढीच मावते."

साहेबांचा चेहरा तसाच हसरा राहिला, फक्त त्यातून हसू निघून गेलं. "दिवाकर, खाली बस. नंतर बोलू."

"नंतर सोमवार हाये, साहेब." ह्यांनी पट्टी वर धरली. "बटणं काँक्रीटमधे बसवायचा सुझाव माह्या होता. तो चुकला. जमिनीसंगं बटणंबी वर गेली, म्हणून शून्य येते. छताचे जुने खिळे अजून हायेत. त्यावरून मोजा."

आता कुणी हसत नव्हतं. मग मागच्या रांगेतला एक उंचेला टिंबरमन, टेकू लावणारा, उठला आणि त्याने आपलं हेल्मेट वर धरलं. मग आणखी एक. मग तिसऱ्या पाळीचे दोघे. बुटके बिचारे इकडेतिकडे बघत राहिले.

समितीतले किडकिडीत गृहस्थ उभे राहिले. त्यांनी ह्यांच्या हातातली पट्टी घेतली, टोकाला बोट लावून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "सतरा नंबर?"

"होय, साहेब."

"बूट कुठे मिळतील मला?"

शाल-श्रीफळ तसंच टेबलावर राहिलं. जेवणाच्या ताटांवर माशा बसल्या. ते तिघे, साहेब आणि आमचे हे खाली गेले. मी मांडवाच्या खांबाला टेकून बसले. आस्था मांडीवर झोपून गेली. राजय्यामामा शेजारी बसले आणि त्यांनी मला नारळ बोलू दिले.

नवं पॅनल उघडलं नाही. रविवारी काँक्रीट फोडलं तेव्हा खाली गुडघाभर चिखल निघाला. नाली कधीचीच आतल्या आत फुटलेली होती. बुधवारी दुपारी, रस्ता बंद असताना, वळणावरची चाळीस पावलं जमीन एकाच पाळीत गर्डरपासून हातभर अंतरावर येऊन ठेपली. आवाज काहीच झाला नाही. राजय्यामामांनी सांगितलं होतं तसंच. रूळ धनुष्यासारखे वाकले होते, असं हे म्हणाले. त्या दिवशी ह्यांनी आस्थाला झोपेतून उचलून मांडीवर घेतलं आणि ती कुरकुरली तरी खाली ठेवलं नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. वैरागडे साहेबांना 'जमिनीच्या फुगवट्याचा वेळीच शोध' याबद्दल त्या वर्षीचं पारितोषिक मिळालं आणि ते बढती घेऊन मुख्यालयात गेले. आमच्या ह्यांना चुकीचा सुझाव दिल्याबद्दल लेखी समज मिळाली. प्रमोशन तीन वर्षं लांबलं. सोबत दुसरं एक पत्र होतं: सुझाव रद्द झाल्याने त्यापोटी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ, एक नग, चालू स्थितीत स्टोअरमध्ये जमा करून पावती घ्यावी.

हे घड्याळ फडक्यात गुंडाळून सायकलला बांधत होते तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या ना. हरवलं म्हणून सांगा."

"खोटं माप नाही देत मी," हे म्हणाले.

भिंतीवर गोल पांढरा डाग राहिला. दुसरं घड्याळ आम्ही लगेच घेतलं नाही. भोंगा झाला की मी त्या डागाकडे बघायची. त्यावर मिनिटं मोजता येत नसत, म्हणून देवाकडची माझी थकबाकी तिथेच थांबली.

नऊ नंबरचा रस्ता पुढे नीट झाला. आधी नाली, मग खालची माती, मग काँक्रीट. आणि मोजमाप छतावरून, शिडी लावून, अख्खी पाळी घालवून. ते हेच करत. घरी येताना वरून गळलेल्या पाण्याने खांदे ओले असत, आणि हेल्मेट मी पाहायच्या आधीच माझ्यासमोर धरत. "मोज," म्हणत.

गेल्या वर्षी आम्ही ते क्वार्टर सोडलं. आस्था आता कॉलेजात आहे, माझ्याहून बोटभर उंच. सामान ट्रकमध्ये चढल्यावर ती चौकटीवरच्या आपल्या रेघांचा फोटो काढत होती. चौऱ्याण्णव सेंटिमीटरच्या रेघेपासून वर चढत गेलेली शिडीच ती.

"आई, बाबांची एकच रेघ कशी गं?"

मी जवळ जाऊन पाहिलं. एकच दिसत होती, पण जाड. पेन्सिल त्याच जागी तेरा-चौदा वेळा फिरलेली होती. दर वर्षी, पंधरवडा संपला की, मी ह्यांना टाचा टेकवून उभं करत होते.

"त्यानंतर ते वाढले नाहीत," मी म्हटलं.